परकीय आणि उपद्रवी

होड्यांची शेड, खालचा धक्का
४ जून

चि. भाऊस आणि चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वि. वि., आबांच्या घरात जन्मलेल्या आणि आबांच्या माशांवर पोसलेल्या माझ्या दोन्ही भावंडांनो, आपल्या बापाला काल भर धक्क्यावर उपद्रवी ठरवण्यात आलं. हे पत्र दोघांना सारखंच लिहिते आहे. ताईने एकाला एक सांगितलं आणि दुसरीला दुसरं, असं उद्या कोणी म्हणायला नको.

धाकटे, तू शहरात बालवाडीतली पोरं सांभाळतेस, तुला इथलं काय कळणार? म्हणून सांगते. धक्क्यावर एक हिरवी पाटी लागली आहे. वर राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह. खाली लिहिलंय की वरच्या तळ्यातले ठिपकेवाले मासे ही 'परकीय व उपद्रवी जात' आहे. सप्टेंबरात पाणी उतरलं की तळ्यात औषध सोडून त्यांचं समूळ उच्चाटन करण्यात येईल. म्हणजे विष, पण सरकारी विषाला औषध म्हणतात. त्यापुढे तळ्यावर गळ टाकायला बंदी. खाली अधीक्षकांची सही. कोण अधीक्षक? ज्याला मी पाठुंगळी घेऊन याच धक्क्यावर हिंडवलं, तो.

हे मासे आभाळातून पडले नाहीत. आबांनी त्यांची पिल्लं पत्र्याच्या कॅनमधून, पाठीवर पट्ट्याने बांधून, खिंड चढून आणली. वर्षानुवर्षं आणली. तेव्हा उद्यान नव्हतं, पाटी नव्हती, साहेब नव्हते. हे बुटके, झिजलेले डोंगर होते आणि त्यांच्यामधली गोड्या पाण्याची तळी. वरच्या तळ्यात बोटाएवढे काडीमासे सोडून काही नव्हतं. मांजरसुद्धा त्यांचा वास घेऊन पुढे जायचं. आबांचे मासे मोठे झाले, मग गळवाले आले, त्यांना भाड्याने होड्या लागल्या, होड्यांसाठी ही शेड उभी राहिली. भाऊ, तुझी शिकवणी, तुझे बूट, तुझं ते वनशास्त्राचं कॉलेज या शेडीतून झालं.

परकीय म्हणे! जो इथल्या पाण्यात जन्मला आणि इथल्याच पाण्यात मरणार, तो परका? मग माणसांची छाननी कधी सुरू करणार आहात? इतिहास मी तुझ्याइतकाच वाचलाय, थोडा जास्तच. जगातली प्रत्येक हकालपट्टी अशाच एखाद्या सुवाच्य पाटीने सुरू झालेली आहे.

गळवाले आले नाहीत तर होड्या उपड्या घालून त्यांखाली मी कोंबड्या पाळू? भाऊ, ती पाटी काढ. ती सही मागे घे.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. धाकटीने तो ठेवावा. भाऊपुरती ती रीत आजपासून बंद.

ताई


अधीक्षकांचं कार्यालय
११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्याआधी पाटीला डांबर फासल्याची बातमी मिळाली. ते होडीच्या बुडाला लावायचं डांबर आहे, त्यामुळे चौकशी लावावी लागली नाही. पाटी पुसून घेतली आहे. पुन्हा फासलंस तर पुन्हा पुसेन. माझ्याकडे रॉकेल भरपूर आहे.

आता मुद्द्याचं. काडीमासा आपल्या वरच्या तळ्याशिवाय जगात कुठेही नाही. लहानपणी पाय पाण्यात सोडले की त्यांचे थवे घोट्यांना गुदगुल्या करायचे, हे तुला आठवत असेल. आठवत नसेल तर सोयीने विसरली असशील. आता ते फक्त पलीकडच्या लव्हाळ्यात थोडे उरले आहेत. बाकीचे आबांच्या ठिपकेवाल्यांच्या पोटात गेले. आबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे त्यांना होती ती सवलत मला नाही.

औषधाने तळ्यातला प्रत्येक मासा मरेल, काडीमासासुद्धा. म्हणून आधी काही काडीमासे पकडून मुख्यालयातल्या काचेच्या टाक्यांत ठेवायचे आणि पाणी निवळलं की परत सोडायचे, अशी योजना आहे. तुझ्या भाषणात हा भाग येणार नाही याची मला खात्री आहे. त्यावर टाळ्या पडत नाहीत.

'परकीय' हा शब्द माणसांना लावून तू सभा जिंकशील. मासे भाषण ऐकत नाहीत, ताई. ते खातात.

आबा असते तरी मी सही केली असती. ते चिडले असते, जेवताना माझ्याकडे पाठ करून बसले असते आणि मग एके दिवशी वळले असते. तू वळणार नाहीस, हे धरूनच मी सही केली.

वडीलकीचा मान ठेवून, माघार न घेता,
भाऊ


बालवाडीच्या मागची खोली
२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दादाने त्याच्या उत्तराची नक्कलही मला पाठवली आहे, म्हणजे तुम्हा दोघांना साक्षीदार हवा आहे आणि तो मी आहे. माझ्या वर्गातली पोरं एकमेकांच्या डोक्यात ठोकळे घालतात, पण डबा खायच्या वेळी एका सतरंजीवर बसतात. तुम्ही दोघं त्यांच्याहून काय मोठे झालात ते मला सांग.

खरं सांगू? मला ठिपकेवालेही आवडायचे आणि काडीमासेही. माझं मत कोणी विचारलेलं नाही, म्हणून ते असं मध्येच लिहून टाकते.

तुझी कंबर कशी आहे? वल्ही तू एकटी उचलू नकोस. पाववाल्याला हाक मार, तो तुझ्या सभेत एवढा ओरडतो, जरा वजनही उचलू दे. माझ्या खोलीचं छत गळतंय. घरमालक म्हणतो की गळत नाही, घाम येतो. जुलैत सुटी आहे, तेव्हा येईन. आधी दादाकडे उतरेन, मग तुझ्याकडे. चिडू नकोस, त्याच्याकडे स्वच्छ न्हाणीघर आहे.

तुझा राग त्याच्यावर राहू दे आणि माझ्यावर माया,
धाकटी


होड्यांची शेड
२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

न्हाणीघरापायी बहिणीला विकणारे, तुझं पत्र मिळालं.

परवा सभा झाली. शाळेचं सभागृह भरून लोक बाहेर पायऱ्यांवर उभे होते. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. रेघा, बाण, गोल. मागून पाववाल्याने विचारलं की हे तळं आहे की आजोबांच्या छातीचा एक्स-रे. मग मी उभी राहिले. मी विचारलं की ज्या माणसाच्या अंगावरचा गणवेश या माशांनी शिवला, तो आज त्याच माशांना मारायला निघालाय, त्याला आपण काय म्हणायचं? लोकांनी जे काय म्हटलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

तो गप्प राहील असं मला वाटलं होतं. तुला माहीत आहे, चार माणसांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. पण जाता जाता तो दारात थांबला आणि म्हणाला की काडीमाशाचा दोष एवढाच, की त्याच्या नात्यात होड्या भाड्याने देणारं कोणी नाही. सभागृहात कोणी हसलं नाही. माझ्याच सभेत मला निरुत्तर करणारा अजून जन्मायचाय, असं मी म्हणत असे. जन्मला होता, आणि मीच त्याला अंगाई म्हटली होती.

त्याच्या बंगल्यावर जाशील तेव्हा व्हरांड्यात बघ. आबांच्या कॅनची एक जोडी माझ्याकडे आहे, दुसरी तो आठवण म्हणून घेऊन गेला. त्यांत तो छत्र्या ठेवतो. बापाच्या पाठीवर ज्या पट्ट्यांचे वळ होते, त्या पट्ट्यांत छत्र्या!

तो भेटल्यावर माझा नमस्कार सांगू नकोस.

ताई


बालवाडीच्या मागची खोली
२२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडचा मुक्काम छान झाला. तू सारखी घड्याळ बघत होतीस आणि मला लवकर कटवलंस, तरी छान झाला. शेडीच्या मागे ओल्या गोणपाटाचा ढीग कशासाठी, हे विचारल्यावर तू विषय बदललास तेही लक्षात आहे.

तुला दादाच्या व्हरांड्यातल्या कॅनबद्दल कळायला हवं असेल. तिथे कॅन नाहीत. छत्र्या जमिनीवर लोळत होत्या, मी त्यांच्यावरून घसरले. मी विचारलं तर म्हणाला की कॅन गंजले होते. त्याच्या खांद्यांवर मात्र दोन्हीकडे कातडी सोलवटली आहे. कशाने, तर म्हणे झाडाची फांदी. दोन्ही खांद्यांवर एकाच मापाची फांदी पडते, हे मला नवीन होतं. आणि ताई, तो चालतो ते आबांसारखं. तसंच डुलत, जसं काही जमीनच होडी आहे. आधी तो असा चालत नव्हता.

त्याने तुझी कंबर कशी आहे ते विचारलं. विचारल्याचं तुला सांगू नकोस असंही म्हणाला. मी सांगितलं.

तुमच्या भांडणात भरडलेली, तरी तुमचीच,
धाकटी


होड्यांची शेड
९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कॅन त्याने भंगारात घातले असतील. जाऊ दे. आज मी आनंदात आहे, माझा आनंद त्याच्या नावाने नासवायचा नाही.

जे लिहिते ते फाडून टाक आणि आबांची शपथ घे की त्याला कळवणार नाहीस. टाकू दे त्याला विष. आबांचे मासे मी हलवले आहेत! गेले काही दिवस सकाळच्या धुक्यात वरच्या तळ्यावर गळ टाकते. चांगले पोसलेले नर-माद्या निवडते, ओलं गोणपाट घालून कॅनमध्ये ठेवते आणि पाठीवर बांधून चोरवाटेने वर नेते. कंबरेचं विचारू नकोस. पण आबांची चाल आठवली. कॅन अर्धाच भरायचा आणि डुलत चालायचं, म्हणजे पाणी हिंदकळत राहतं. चालणं थांबलं की पाणी थांबतं, पाणी थांबलं की मासा तोंड वासतो. लोक आबांना दारुडा समजायचे ते याच चालीमुळे. मी वाटेत एकदाही टेकले नाही.

कुठे नेले? बशीत. तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. खिंडीच्या वर डोंगराच्या माथ्यावर ते गोल, उथळ तळं आहे, त्याला आपण बशी म्हणायचो. त्यातून ओढा निघत नाही, त्यात ओढा येत नाही. आबा म्हणायचे, जपायची वस्तू बशीत ठेवावी, तिला वाहून जायला वाट नाही. साहेबांचं औषध तिथवर पोचणार नाही. पुढच्या वर्षी पिल्लं होतील, आणि अधीक्षक बदलून गेला की मी ती परत वरच्या तळ्यात आणेन. एक पाटी आणि एक सही माझ्या बापाला पुसू शकत नाही.

तुझ्या गुपचूप मायेच्या भरवशावर,
ताई


अधीक्षकांचं निवासस्थान
१० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुला खांद्यांबद्दल खोटं सांगितलं, ते मनात राहिलं. म्हणून लिहितो. हे ताईला कळता कामा नये. तिला कळलं की धक्क्याला कळतं, धक्क्याला कळलं की एखादा माथेफिरू रागाच्या भरात वर जाऊन नासधूस करेल.

मुख्यालयातल्या टाक्यांत नेलेले काडीमासे जुलैच्या सुरुवातीलाच मेले. हवेचा पंप बंद पडला होता आणि कोणी पाहिलं नाही. मला कळवण्यात आलं की दुसरे पकडून पाठवावेत. जणू ते पावाचे तुकडे आहेत! मी पाठवले नाहीत. लव्हाळ्यात जे मिळाले ते आबांच्या कॅनमध्ये घातले आणि स्वतः बशीत नेऊन सोडले. परवानगी मागितली नाही, कारण ती मिळाली नसती. नोकरी लागल्यापासून मी पहिल्यांदा नियम मोडला आणि तो आबांची चाल चालत मोडला, याचं तुला हसू येईल.

बशीच का, हे तू विचारशील. तिथे ठिपकेवाला नाही. आणि जपायचं ते तिथे ठेवावं, असं आबाच सांगायचे. सप्टेंबरात वरचं तळं स्वच्छ झालं की हेच काडीमासे परत आणेन. आता सगळी मदार त्यांच्यावर आहे.

ताईसमोर माझं नाव काढू नकोस, तिचं रक्त आटतं.

तुझा,
दादा


बालवाडीच्या मागची खोली
१३ ऑगस्ट

ताई आणि दादा,

मायना लिहीत नाही. तुम्हा दोघांची दोन पाकिटं आज एकाच पोस्टमनने एकाच वेळी माझ्या हातात दिली. एकाने गप्प बसायला सांगितलंय, दुसरीने शपथ घातली आहे. दोन्ही मोडते.

ताई, दादाने काडीमासे बशीत सोडले आहेत.

दादा, ताईने ठिपकेवाले बशीत सोडले आहेत.

ही दोन वाक्यं तुम्ही एकमेकांना बोलला असतात तर मला लिहावी लागली नसती. तुमच्या घरांमध्ये एक उतार आहे. सायकलवरून पेडलही मारावं लागत नाही. पण एकीला भाषण करायचं होतं आणि दुसऱ्याला पाटी लावायची होती. बापाची एकच चाल, एकच वाट, एकच तळं तुम्हा दोघांच्या डोक्यात आलं, आणि ते एकमेकांना सांगायची अक्कल एकाच्याही डोक्यात आली नाही. जन्मभर मी तुमच्यात मऊ बोलत आले. आज मला तुमची दोघांची लाज वाटते.

मी निरोप पोचवणं बंद केलं आहे. यापुढे जे बोलायचं ते एकमेकांशी बोला.

धाकटी


अधीक्षकांचं कार्यालय
१७ ऑगस्ट

ताई,

मी बशीवर जाऊन आलो. तुझे मासे मजेत आहेत. काठाच्या गवतातून माझे काडीमासे उडी मारून कोरड्या दगडांवर पडत होते, कारण दगडावर मरणं त्यांना पाण्यापेक्षा बरं वाटत होतं. पाण्यात काय आहे ते तुला माहीत आहेच.

तुझ्या पुढच्या भाषणासाठी परिस्थिती सांगून ठेवतो. जाळं टाकलं तर काडीमासेही अडकून मरतील. औषध टाकलं तर सगळंच संपेल. गळाला काडीमासा लागत नाही, त्याचं तोंड गव्हाच्या दाण्याएवढं असतं. म्हणजे गळ टाकून एकेक ठिपकेवाला काढणं हा एकच मार्ग. पण बशी बंद क्षेत्रात आहे, तिथे गळ घेऊन जाणं गुन्हा आहे, आणि माझ्या खात्यात एकालाही गळ टाकता येत नाही. ज्यांना येतो ते सगळे तू धक्क्यावर ज्या लाकडी पेटीवर चढून भाषणं देतेस तिच्याभोवती उभे असतात.

बशीतले काडीमासे गेले तर वरच्या तळ्यात औषध टाकता येणार नाही, कारण मग परत सोडायला काही उरणारच नाही. म्हणून मुख्यालयाला काम रद्द करण्याबद्दल लिहायला बसलो आहे. कारण टाक्यांचं देईन. बशीचं नाव त्यात येणार नाही. तुझंही नाही आणि माझंही नाही. कोणाला काही कळणार नाही. वरच्या तळ्यात तुझे ठिपकेवाले राहतील, तुझ्या होड्या चालतील, आणि लव्हाळ्यात उरलेले चार काडीमासे तेही यथावकाश खातील.

तू जिंकलीस. धक्क्यावर जाऊन सांग. माझ्या तोंडून 'ताई' हा शब्द हा शेवटचा.

अधीक्षक


होड्यांची शेड
२४ ऑगस्ट

अधीक्षकसाहेबांस आणि धाकटीस,

आशीर्वाद धाकटीला. साहेबांना कामाचं.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. मोठ्याने, शेडीत एकटी. बशीत कोणी काही सोडलं होतं हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मला अपराधी वाटायचं काही कारण नव्हतं. तू गप्प बसलास, तूच भोग. तळं वाचलं, होड्या वाचल्या, आबांचं नाव राहिलं. सगळं मला हवं तसं झालं होतं, आणि तेही तुझ्याच हाताने.

मग गळ घेतला आणि बशीवर गेले. माझे जिंकलेले मासे एकदा बघावेत म्हणून. पहिल्याच फेकीला मोठा नर लागला. मीच वाहून नेलेला, त्याच्या ओठावर माझ्या आधीच्या गळाची खूण होती. काठावरच्या दगडावर त्याचं पोट चिरलं. आत काडीमासे ओळीने बसले होते, काही अजून न पचलेले, डोळे उघडे. बाहेर काढून मी ते दगडावर मांडत गेले आणि अर्ध्यातच थांबले.

आयुष्यभर पेटीवर उभी राहून मी एकच गोष्ट बोलत आले: ज्याचं तोंड मोठं, त्याने लहानाला गिळावं हा निसर्ग नाही, हा अन्याय आहे. गिरणीवाल्यांसमोर बोलले, धरणवाल्यांसमोर बोलले, तुझ्या खात्यासमोर तर घसा बसेपर्यंत बोलले. आणि ज्या तळ्यात लहानाला पळायला ओढासुद्धा नाही, त्या तळ्यात मोठं तोंड मी माझ्या पाठीवरून वाहून नेलं. या विजयावर मी धक्क्यावर उभी राहून बोलू शकत नाही. एक वाक्यसुद्धा नाही. मी करून पाहिलं. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. तुला हे वाचून बरं वाटेल. वाटू दे.

दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा मी गळवाल्यांना खरं ते सांगितलं. मी काय केलं, तू काय केलंस, बशीत काय चाललंय, सगळं. ही गोष्ट बाहेर जाऊ नये असं तुझ्या पत्रात होतं, ती गेली. मी सांगितलं की बशीतला शेवटचा ठिपकेवाला आपण काढला तर सप्टेंबरात वरच्या तळ्यात विष पडणार, पुढे कित्येक वर्षं आपल्याला तिथे गळ टाकता येणार नाही, आणि ही शेड बंद होणार. हे सगळं माहीत असूनही चला, असं मी म्हणाले. पाववाला म्हणाला की मी बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवते आहे, वर लोकांना म्हणते की जरा धार लावून द्या. काही जण थुंकून निघून गेले. एकाने मला फितूर म्हटलं, आणि तो शब्द त्याने माझ्याच एका भाषणातून उचलला होता. उरले त्यांतला सगळ्यात म्हातारा गळवाला आपली आमिषाची डबी उघडून बसला. मग त्याने विचारलं की एवढ्या उथळ पाण्यात गळाला काय लावावं. मग पाववाल्याने त्याला सांगितलं की त्याच्या आमिषाने आजवर फक्त त्याची बायको गळाला लागली आहे, आणि तीही पस्तावली. तेव्हा मला कळलं की हे लोक येणार.

आता तू ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. माझी चूक कबूल करते आहे, तुझी विसरत नाही. त्या पाटीवरचा 'उपद्रवी' हा शब्द माझ्या बापाला लावायचा तुला काही अधिकार नव्हता. त्याने जे केलं ते न कळता केलं, हे तू स्वतः लिहिलंस, मग पाटीवर का नाही लिहिलंस? सप्टेंबरात तू वरच्या तळ्यात विष सोडशील तेव्हा मी धक्क्यावर उभी राहून तुला मनसोक्त शिव्या देईन, आणि मेलेला प्रत्येक मासा मोजायला लावीन. धाकटे, तू मध्ये पडू नकोस. हे भांडण आमचं आहे, आम्हाला ते पुरवून पुरवून वापरायचंय.

आता मुख्यालयाचं. काम रद्द करायची ती चिठ्ठी तू पाठवली असशील तर मागे घे, नसशील तर फाड. माझं नाव वाचवायला खोटं लिहू नकोस. तुझ्या उपकाराखाली जगण्यापेक्षा मी दंड भरेन. आणि माझ्या आडोशाला बसून स्वतःलाही वाचवू नकोस. परवानगीशिवाय तूही मासे नेलेस. ते तुझ्या वरिष्ठांना आणि तुझ्या शिपायांना तुझ्याच तोंडून कळू दे. जीभ टाळ्याला चिकटली तर चिकटू दे, तशीच ओढून काढ.

मी बशीवर गेले ती चोरवाटेने, एकटी. या माणसांना मी चोरवाटेने नेणार नाही. त्यांतले निम्मे म्हातारे आहेत, आणि कोणीही चोर नाही. आम्ही रस्त्याने येऊ, दिवसाउजेडी, गळ खांद्यावर घेऊन. खिंडीच्या तोंडाशी तुझं लोखंडी फाटक आहे, त्याची किल्ली फक्त तुझ्याकडे असते. तुझ्या खात्याने गळवाल्यांना आत सोडल्याची नोंद आजवर नाही, हे मला माहीत आहे. दिवसागणिक तिथे काय गिळलं जातंय हे तुलाही माहीत आहे, मी दगडावर मांडून पाहिलंय.

लोभ मागत नाही, क्षमा मागत नाही, उत्तरही मागत नाही. शनिवारी सकाळी आम्ही खिंडीच्या तोंडाशी उभे असू. स्वतः ये आणि फाटक उघड.

ताई